तात्यांचा धबधबा

धबधब्यात पाणी सोडायला एक दिवस उरला होता, आणि घरातल्या प्रत्येकाचं वरच्या दगडाकडे बघून "छान बसलाय" असं म्हणून झालं होतं. दुसऱ्या कुठल्या घरात ही आनंदाची गोष्ट ठरली असती. या घरात ती धोक्याची सूचना होती.

कारण या घराण्यात कोणी कोणाला तोंडावर नाही म्हणत नाही. तात्यांच्या वडिलांपासूनची ही रीत. समोरच्याने काही केलं की मान डोलवायची, "वा, छान" म्हणायचं, आणि तो आत गेला की आपल्याला हवं तसं करून ठेवायचं. बाहेरच्या खोलीतलं घड्याळ आजवर चारही भिंतींवर फिरून आलंय आणि त्यावरून कधी एका शब्दाचं भांडण झालेलं नाही. फाटकाचा रंग हिरवा ठरला, हिरवा लागला, आणि वाळायच्या आत तपकिरी झाला. धाकटीने कॉलेजात कुठला विषय घ्यायचा हेसुद्धा असंच तिघांनी परस्पर तीनदा बदललं आणि त्या गोंधळात ती भूगोलाची शिक्षिका झाली. घर डोंगराच्या उतारावर, रस्त्यावरून पायऱ्या चढून यायचं; खालच्या रस्त्यावरच्या लोकांना वाटतं, काय गुण्यागोविंदाने नांदणारं घर आहे.

तात्या पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले होते. नोकरीभर त्यांनी पाणी खालून वर चढवलं. आता घरामागच्या उतारावरून ते खाली पाडायचं होतं, म्हणजे सोपंच काम, असं त्यांचं म्हणणं. मागच्या व्हरांड्यासमोर तळं खणून झालं होतं. खड्यांनी भोक पडू नये म्हणून तळाशी जुन्या सतरंज्या, त्यावर काळं रबरी कापड, कापडावर दगड. व्हरांड्याच्या कडेला उतार छातीएवढा वर चढतो, तिथे एक छोटं कुंड, त्यातही तसंच कापड. तळ्यातला पंप पाणी कुंडात चढवणार आणि कुंड भरलं की कडेच्या चपट्या दगडावरून ते ओघळून, खालच्या दगडांवर आपटत पुन्हा तळ्यात पडणार. या चपट्या दगडाला ओठाचा दगड म्हणायचं, असं तात्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. तो जिकडे वळेल तिकडे पाणी जाणार. सगळा खेळ त्याच्यावर.

हे कशासाठी चाललंय असं विचारलं की तात्या म्हणायचे, "उताराची माती धरून राहते." माती धरायला धबधबा लागतो हे कोणाच्या बापाला पटलं नसतं, पण सगळे म्हणाले, वा, छान.

खरं कारण सगळ्यांना माहीत होतं. मागच्या महिन्यात चहा पिता पिता तात्यांच्या बायकोने, माईंनी, जाहीर केलं होतं, की खालच्या रस्त्यावर, त्यांच्या बहिणीच्या शेजारी तळमजल्यावरचं एक घर रिकामं झालंय आणि त्या तिथे राहायला जाणार आहेत. तात्यांना यायचं असेल तर यावं, नसेल तर इथे राहावं. भांडण नाही, रुसवा नाही. बिस्किट बुडवत सांगितलं. तात्यांनी बशी खाली ठेवली, "बघू" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुदळ मागवली.

घर बघायला रविवारी जायचं होतं. घरमालकाला होय की नाही ते तिथल्या तिथे हवं होतं. म्हणून धबधबाही रविवारीच सुरू व्हायचा होता, त्याच्या आधी.

*

शनिवारी सकाळी थोरला दुकानात जायच्या आधी मागे डोकावला. थोरल्याचं दुकान नळ, शॉवर, बेसिन यांचं. पाणी कसं पडावं याबद्दल त्याची मतं ठाम होती.

"तात्या, एक सांगू? पाणी एकसारखं पडलं पाहिजे. पडद्यासारखं. दुकानात मी एक नमुना लावलाय, बटण दाबलं की काचेसारखी धार येते."

"धबधब्याला बटण नसतं," तात्या म्हणाले.

"याला आहे की. स्वयंपाकघराच्या भिंतीवर मीच बसवलंय."

तात्यांनी काठीने दगड ठोठावला. "मग? कसा बसलाय?"

"छान बसलाय," थोरला म्हणाला.

तात्या चहाला आत गेले. थोरल्याने पिशवीतून पाणसळ काढली, दगडावर ठेवली, आतला बुडबुडा डावीकडे पळाला तसा त्याने जीभ चावली. दगडाखाली उजव्या अंगाला एक लाकडी पाचर सारली, बुडबुडा मधोमध आणला आणि खिशात हात घालून शीळ घालत दुकानात गेला.

धाकटी दुपारी शाळा सुटल्यावर परस्पर इकडे आली. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते, पण तळं खणायला लागल्यापासून दर शनिवारी हजर. थोरला जेवायला वर आला होता, तो तिला व्हरांड्यात भेटला.

"हे कोणी रचलंय?"

"तात्यांनी. छान झालंय ना?"

"फारच छान." तिने आत नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "अरे, डोंगरातले दगड सगळे एका दिशेला झोपलेले असतात. त्यांचे थर बघ. इथे प्रत्येक जण वेगळ्या कुशीवर."

"ते मुलांना शिकव. इथे उद्या पाणी पडलं म्हणजे झालं. आई खूश होईल आणि खाली जाईल."

"खूश होईल आणि थांबेल, असं म्हणायचंय तुला."

"मला जे म्हणायचं होतं तेच मी म्हटलं. तिचे गुडघे बघतेस ना तू?"

"मी सगळं बघते. ते घर तुझ्या दुकानासमोर आहे, हेही बघते. आई खाली गेली की तुझं दुपारचं जेवण खाली. चढायला नको."

"आणि तुला हे घर का हवंय? सुट्टी लागली की पोरं इथे सोडून जाता येतात म्हणून."

दोघांचंही खरं होतं, त्यामुळे दोघंही सारखेच दुखावले. भावाबहिणींचं भांडण या घरात भांडणात धरत नाहीत. थोरला पाय आपटत दुकानात गेला. धाकटीने इकडे तिकडे बघितलं, बाह्या सारल्या, ओठाचा दगड उचलून त्याचे थर बाकीच्या दगडांशी जुळतील असा तिरका केला आणि खाली मूठभर खडे दाबले. मग हात धुऊन आत आली आणि तात्यांना म्हणाली, "तात्या, वरचा दगड काय सुंदर बसलाय हो."

"मग! उगाच का," तात्या म्हणाले.

*

सून तेव्हा स्वयंपाकघरात माईंबरोबर वाटाणे सोलत बसली होती. ती नाटक कंपन्यांचे देखावे रंगवते. लाकडी फळीचा दगड करणं, कापडाचं आभाळ करणं हे तिचं रोजचं काम. गेला आठवडाभर ती खाणीतून आणलेल्या नव्या कोऱ्या दगडांना माती आणि आंबट दही फासत होती, त्यांच्यावर शेवाळ धरावं म्हणून. माई जाणार की राहणार या वादात तिने अजून कोणाचीच बाजू घेतली नव्हती. सासरी शहाण्या सुनेने राहावं तशी ती मूग गिळून होती. पण आता तिला राहवेना.

"माई, तात्या सांगत होते, लग्न झाल्यावर तुम्ही दोघं एका धबधब्यावर गेला होता. आणि तुम्ही म्हणाला होतात, इथून उठूच नये असं वाटतं."

"म्हणाले होते." माईंनी दाराकडे बघितलं. "कोणाला सांगणार नसशील तर सांगते. जाताना सबंध रस्ताभर यांनी मला वाहतं पाणी कसं मोजतात ते समजावलं. नवी नवरी मी. हूं हूं करून मान दुखायला लागली. तिथे पोचलो, तर त्या आवाजात यांचं नुसतं तोंड हलताना दिसायला लागलं. काय शांत वाटलं गं मला! म्हणून म्हणाले, इथून उठूच नये."

सून इतकी हसली की तिच्या मांडीवरचे वाटाणे घरंगळत फ्रिजखाली गेले. माईही हसल्या, पण लवकर थांबल्या.

"मग खरंच जाणार तुम्ही?"

"अगं, नोकरीभर मी टपाल कचेरीत खिडकीमागे बसले. अख्खं गाव माझ्यासमोरून जायचं. कोणाला मुलगी झाली, कोणाच्या मुलाला नोकरी लागली, घरच्यांच्या आधी मला कळायचं. आणि आता? इथले कावळे ओळखीचे झालेत माझ्या. त्या पायऱ्या उतरायच्या म्हटलं की आदल्या दिवसापासून मी धास्ती घेते. मग म्हणते, आज नको, उद्या जाऊ. असं उद्या उद्या करत मी घरात कोंडून घेतलंय स्वतःला."

"तात्यांना सांगितलंत का हे?"

"सांगून काय होणार? बघू म्हणतील."

सुनेला गलबलून आलं. त्या क्षणी ती माईंच्या बाजूची झाली. जाऊ देत त्यांना, असं तिने मनात पक्कं केलं आणि फ्रिजखालचे वाटाणे गोळा करून ती मागे गेली. आता मत एका बाजूचं झालं म्हणून कारागिराचे हात काही दुसऱ्या बाजूचं काम सोडत नाहीत. व्हरांड्यातल्या बाकावर ती बसली, एक डोळा मिटून तिने धबधब्याकडे बघितलं, आणि तिच्या लक्षात आलं की ओठाचा दगड भलतीकडेच बघतोय. प्रेक्षक बसणार बाकावर, आणि पाणी पडणार डावीकडच्या भिंतीकडे तोंड करून! असं एकाही रंगमंचावर चालत नाही. तिने दगड बाकाकडे वळवला आणि तो हलू नये म्हणून खाली रंगाच्या डब्याचं झाकण सरकवलं.

संध्याकाळी तात्या एकटेच मागे आले. दगडाला कोणाकोणाचे हात लागले हे त्यांना बघताक्षणी कळलं. ते या घराण्याचे, त्यांना कळणार नाही तर कोणाला? कोणावर रागावायचा प्रश्नच नव्हता, कारण थोरल्याने बसवलेलं ते बटणसुद्धा त्यांनी मागच्या आठवड्यात एक वीतभर खाली घेतलं होतं. त्यांनी रबराचा एक तुकडा दुमडला आणि दगडाच्या पाठीमागे ठोकून बसवला, मागून पाणी झिरपू नये म्हणून. मग बाकावर बसले.

त्यांना माईंना एकच वाक्य सांगायचं होतं. जाऊ नकोस. दिवसातून दहादा ते ओठापर्यंत यायचं, आणि पाइपात हवा अडकावी तसं अडकायचं. माणसाला आपल्या बायकोला एवढं सांगता येऊ नये याची त्यांना लाज वाटत होती, आणि लाज वाटत होती म्हणून ते आणखी दगड रचत होते. उद्या आवाज आला की ती बाहेर येईल, बसेल, आणि आपोआप राहील, अशी त्यांची योजना होती. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला तसे ते उठून आत गेले.

*

रविवारी सकाळी माई ठेवणीतले कपडे घालून, पर्स घेऊन तयार झाल्या. माईंच्या बहिणीचा, मावशीचा, फोन येऊन गेला होता. ती घरमालकाला घेऊन पायऱ्यांच्या पायथ्याशी थांबणार होती. "मी काही तो डोंगर चढणार नाही," मावशीने बजावलं होतं. "तू उतर."

"पाच मिनिटं थांब," तात्या माईंना म्हणाले. "पाणी बघ आणि मग जा."

बटण माईंनीच दाबावं असं ठरलं. त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन ते दाबलं आणि बाहेर येऊन उभ्या राहिल्या. बाक रिकामाच राहिला, कारण कोणालाच बसवेना. तळ्यात पंप गुरगुरला. कुंडात पाणी चढायला लागलं. थोरला आणि धाकटी एकमेकांशी बोलत नव्हते, पण दोघांनीही श्वास एकदमच रोखला.

पाणी ओठाच्या दगडावर आलं. उन्हात चमकलं. टोकाशी क्षणभर थबकलं, आणि उजवीकडच्या दगडामागे गडप झालं.

"आवाज येतोय," थोरला म्हणाला.

"हो, आवाज छान आहे," सून म्हणाली.

"काही काही प्रवाह असे जमिनीखालून वाहतात," धाकटीने शिकवायला सुरुवात केली. "बाहेरून दिसत नाहीत, पण..."

"तळं उतरतंय," तात्या म्हणाले.

खरंच उतरत होतं. रबरावर ओली रेघ मागे ठेवत पाणी खाली खाली चाललं होतं. खालून वर भरभरून चढत होतं आणि वरून खाली थेंब येत नव्हता. तात्यांचा चेहरा पडला, मग लाल झाला, आणि खात्यातल्या आवाजात ते ओरडले, "गळती!"

उत्तर खालच्या रस्त्यावरून आलं. मावशीचा आवाज असा की डोंगरालाही ऐकू जावा. "अगं ए! वर नळ फुटलाय की काय तुमचा?"

सगळे स्वयंपाकघराच्या कोपऱ्याला वळसा घालून पुढे धावले. पायऱ्या तिथूनच सुरू होतात. आणि तिथे धबधबा चालू होता. पायरीवरून पायरीवर उड्या घेत, वळणावर फेसाळत, वाटेतली वाळकी पानं गोल फिरवत, मातीचा तांबूस रंग घेऊन पाणी खाली चाललं होतं. इतका देखणा, इतका खराखुरा धबधबा त्यांच्यापैकी एकालाही रचता आला नसता.

"वा!" सुनेच्या तोंडून निसटलं आणि तिने तोंडावर हात ठेवला.

खाली मावशी चपला हातात घेऊन उभी होती. घरमालक कुंपणाच्या भिंतीवर चढला होता.

"मुद्दाम केलंय हे!" मावशी गरजली. "माझी बहीण खाली येऊ नये म्हणून या माणसाने पायऱ्यांवर पाणी सोडलंय!"

"मी?" तात्यांचा आवाज चिरकला. "मी आयुष्यात एक थेंब वाया घालवलेला नाही!"

"मग हे काय आहे? अत्तर शिंपडताय?"

"तात्या, तुम्ही खरंच..." थोरल्याने सुरुवात केली.

"तात्यांना काय बोलतोस?" धाकटी उसळली. "पंपाचं काम तुझं होतं!"

"पंप उत्तम चाललाय! एवढं पाणी कोण चढवतंय मग?"

"आधी तो उत्तम पंप बंद करा," माई म्हणाल्या. सून धावली आणि बटण बंद करून आली. पायऱ्यांवरचं पाणी हळूहळू थांबलं. माती मागे राहिली.

*

चौकशी मागच्या व्हरांड्यात झाली. तात्यांनी ओठाचा दगड दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्याखाली घराण्याचा अख्खा स्वभाव सापडला.

"ही पाचर," तात्या म्हणाले.

"माझी," थोरला म्हणाला. "पाणसळीला जरा... एकसारखं पडावं म्हणून."

"हे खडे."

धाकटीने नखं बघितली. "थर जुळत नव्हते."

"हे झाकण." ते कोणाचं, हे विचारायची गरजच नव्हती, त्यावर निळा रंग होता. सून म्हणाली, "बाकाकडून दिसत नव्हतं, तात्या."

"आणि हा रबराचा तुकडा कोणाचा?" थोरल्याने विचारलं.

"तो माझा," तात्या गुरकावले. "एका तुकड्याने असं होत नाही. रबराच्या कापडाचा काठ उजवीकडे चेपलाय, म्हणून पाणी काठावरून बाहेर गेलं. दगड कोणीतरी उजवीकडे वळवला. थोरल्या, तू?"

"मी सरळ ठेवला होता."

"मी डावीकडे तिरका," धाकटी म्हणाली.

"मी बाकाकडे. बाक समोर आहे," सून म्हणाली.

उजवीकडे काहीच नव्हतं. म्हणजे उजवीकडे स्वयंपाकघराची खिडकी होती. तात्यांनी पुन्हा खाली बघितलं. सगळ्या पसाऱ्याच्या वर, अगदी शेवटी ठेवलेलं, एक ओलं फडकं होतं. चौघडी घातलेलं, कडेला कड जुळवून. या घरात ओट्यावरचं फडकं अशी घडी घालून एकच माणूस ठेवतं.

 माई पर्सचा बंद उघडत होत्या आणि लावत होत्या.

"हे तुझं?" तात्यांनी विचारलं.

"माझं. पहाटे ठेवलं."

"का?"

"ओट्यापाशी उभं राहिलं की दिसत नव्हता," माई म्हणाल्या. "पोळ्या लाटताना..." आणि थांबल्या.

सुनेच्या ध्यानात सगळ्यांत आधी आलं. धाकटी काहीतरी बोलायला तोंड उघडत होती, तिला तिने चिमटा काढला. तात्यांना थोडा वेळ लागला. त्यांनी दगडाकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, माईंच्या ठेवणीतल्या कपड्यांकडे बघितलं.

"तू तर जाणार आहेस," ते म्हणाले. "मग तुला ओट्यापाशी उभं राहून काय बघायचंय?"

 माईंचे डोळे भरून आले आणि त्यामुळे त्या रागावल्या. "मलाच काय विचारता? महिनाभर खड्डा खणलात. एकदा तोंडाने म्हणालात का, राहा म्हणून?"

"राहा," तात्या म्हणाले. एकदा तोंड फुटल्यावर मग ते थांबेचनात. "जाऊ नकोस. तू नसलीस तर मला करमणार नाही. जेवण जायचं नाही. मला हे बोलता येत नव्हतं म्हणून तर हा सगळा उद्योग. माती धरून राहते हे खोटं होतं."

"ते आम्हाला माहीत होतं," थोरला म्हणाला, आणि यावेळी त्याला दोन चिमटे बसले.

"मला ते खालचं घर नकोच आहे हो," माई डोळे पुसत म्हणाल्या. "मला खाली जायचंय. रोज. चार माणसं बघायची आहेत. आणि मग परत वर, माझ्या घरी यायचंय. पण त्या पायऱ्यांना धरायला काही नाही. कठडा लावा म्हणून मी तुमच्या किती विनवण्या केल्या! मी कठडा मागितला आणि तुम्ही मला धबधबा करून दिलात."

यावर कोणाला हसू आलं असतं, पण तात्यांचा चेहरा बघून कोणी हसलं नाही.

"अगं, येतेस की नाही?" खालून मावशी. "हे गृहस्थ चाललेत!"

"आले!" माई ओरडल्या. मग तात्यांना म्हणाल्या, "नाही म्हणायचं तर समोर जाऊन म्हणते. त्यांना सकाळपासून उभं केलंय."

"चल," तात्या म्हणाले. "मी धरतो तुला."

थोरला पुढे सरसावला, पण तात्यांनी त्याला हाताने मागे सारलं.

*

पायऱ्या चिखलाने माखल्या होत्या. माईंनी एका हातात पर्स घेतली आणि दुसरा तात्यांच्या हातात दिला. पहिल्या काही पायऱ्या त्या खाली बघत उतरल्या, आधी डावा पाय, मग उजवा, जीव मुठीत धरून. तात्यांनी हात घट्ट धरला होता. इतका घट्ट की अंगठी रुतायला लागली.

"जरा सैल धरा."

"हं," तात्या म्हणाले, आणि आणखी घट्ट धरलं.

वळणापाशी माई थांबल्या. त्यांच्या लक्षात आलं की तात्यांचा हात आधार देत नाहीये, आधार घेतोय. त्यांनी मान वळवून बघितलं. तात्यांच्या कपाळावर घाम होता. ते पायऱ्यांकडे बघतच नव्हते, समोर कुठेतरी बघत होते.

"अहो," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्ही या पायऱ्या शेवटच्या कधी उतरला होतात?"

तात्यांनी बाहीने कपाळ पुसलं.

"पेपर वर येतो. न्हावी वर येतो. मी म्हणायचे, यांना लोकांमध्ये मिसळायला आवडत नाही."

"डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो होतो तेव्हा," तात्या म्हणाले. "थोरल्याने जवळजवळ उचलूनच नेलं. त्याला सांगितलं होतं, घरात बोलू नकोस."

"मग तुम्हालाही भीती वाटते, तर कठडा का नाही लावलात?"

"लावला असता तर सगळ्यांना कळलं असतं."

माई त्यांच्याकडे बघत राहिल्या. एवढी वर्षं या माणसाबरोबर काढली आणि त्याला कशाची भीती वाटते हे त्यांना आज, चिखलात उभं राहून कळत होतं. त्यांना राग यायला हवा होता. आला नाही.

"तू खाली राहायला गेलीस तर मला भेटायलाही येता येणार नाही," तात्या म्हणाले. "महिनाभर तेवढंच डोक्यात होतं. तू खाली असशील, मी वरून तुझ्या दाराकडे बघत बसेन, आणि मला येता येणार नाही."

माईंना हुंदका आला आणि त्याच्या पाठोपाठ हसू आलं, आणि दोन्ही आवरेनात तशा त्या ठेवणीतल्या कपड्यांनिशी ओल्या पायरीवर बसल्या. तात्यांचा हात त्यांनी सोडला नाही, त्यामुळे तात्यांनाही बसावं लागलं. बसल्यावर त्यांना फार बरं वाटलं.

खालून मावशी टाचा उंचावून बघत होती. "अगं, तिथे मध्येच काय बसलाय दोघं?"

"आम्हाला खालीही येता येत नाहीये आणि वरही जाता येत नाहीये!" माईंनी ओरडून सांगितलं. सगळ्या रस्त्याला ऐकू गेलं आणि त्यांना त्याचं काही वाटलं नाही. "त्यांना म्हणावं, माफ करा, घर नको. आणि तू आत्ताच्या आत्ता जाऊन कठडा बसवणारा माणूस घेऊन ये. आम्ही दोघं इथेच आहोत."